कार्टरचं १५ जुलै १९७९ चं भाषण: टीका चंगळवादावर की ऐकणाऱ्यांवर?

निशिगंधा
आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या पुस्तकं बाजूला ठेवून गाजलेली भाषणं ऐकतोय. एकेक भाषण घ्यायचं आणि वक्ता आपल्याला कसा गुंडाळतो ते बघायचं. यावेळी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: १९७९ चा उन्हाळा, इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाची बोंब, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगाच रांगा, कॅलिफोर्नियात तर मे महिन्यापासून गाडीच्या नंबरवरून सम-विषम सुरू. ५ जुलैला कार्टर टीव्हीवर ऊर्जेवर बोलणार होते ते ऐनवेळी रद्द केलं, कॅम्प डेव्हिडला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या डोंगरातल्या विश्रामस्थानी, जाऊन बसले, गव्हर्नर, धर्मगुरू, कामगार पुढारी, प्राध्यापक असे लोक बोलावून दहा दिवस नुसतं ऐकत होते आणि १५ तारखेला रविवारी रात्री दहा वाजता देशासमोर आले ते तेलाचं बोलायच्या आधी लोकांच्या मनाचंच बोलायला लागले. आपल्यातले फार जण आता स्वतःचे लाड आणि उपभोग यांची पूजा करतात, माणूस काय करतो यापेक्षा त्याच्याकडे काय आहे यावरून त्याची ओळख ठरते, वस्तूंचे ढीग लावून रिकामं आयुष्य भरत नाही, या अर्थाचं बरंच काही. राष्ट्राध्यक्ष, तेही अमेरिकेचा, आणि प्राइम टाइमला!

माझं मत थोडक्यात. इथॉस म्हणजे वक्त्याची पत, ते काम त्यांनी अप्रतिम केलंय. पेथॉस, भावनेला हात घालणं, बरं जमलंय. पण लोगॉसला, म्हणजे तर्काला, मधेच भगदाड आहे. दुखणं सांगितलं आत्म्याचं आणि उपाय काय, तर तेलाच्या आयातीवर कोटा. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहाच, ज्यांनी नाही त्यांनी ऐकून लिहा, अर्ध्या तासाचं तर आहे.

ठोंब्या
रुमाल टाकून ठेवतो. चंगळवादावरचा धागा नवीन फोनवरून वाचतोय याची नोंद घ्यावी.

घाटावरचा
ताई, इथॉसबद्दल सहमत. सुरुवातच बघा ना, दुसऱ्या कुठल्या राष्ट्राध्यक्षाने असं केल्याचं मला तरी आठवत नाही. डोंगरावर आलेल्या लोकांनी स्वतःबद्दल काय काय सुनावलं ते कार्टर एकेक करून वाचून दाखवतात. पहिलंच वाक्य एका दक्षिणेकडच्या गव्हर्नरचं, की तुम्ही देशाचं नेतृत्व करत नाही, नुसता सरकारचा कारभार हाकताय. मग कोणीतरी म्हणालं रक्त, घाम आणि अश्रूंचं बोला आमच्याशी. आणि माझं आवडतं, युद्धाच्या तोडीचं काम म्हणता तर आमच्या हातात छर्‍याच्या बंदुका देऊ नका. हे स्वतःच्या तोंडाने वाचायचं म्हणजे छाती पाहिजे.

आणि यात डोकं आहे बरं का. आधी स्वतःचे वाभाडे काढून घेतले की मग समोरच्याला दोन शब्द सुनवायचा अधिकार मिळतो. थेट 'तुम्ही लोक उधळे झालात' म्हणाले असते तर लोकांनी टीव्ही बंद केला असता.

काजूकतली
>> युद्धाच्या तोडीचं काम
त्याची मजा माहितीये का? कार्टरनी एप्रिल १९७७ मध्ये ऊर्जा वाचवायच्या मोहिमेला 'मॉरल इक्विव्हॅलंट ऑफ वॉर' म्हटलं होतं. शब्दप्रयोग मुळात तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचा, पण टिंगल करणाऱ्यांनी त्याची आद्याक्षरं घेतली आणि झालं 'म्याव'. वाघाची गर्जना करायला गेले आणि मांजर निघालं. भाषण लिहिणाऱ्यांनो, आद्याक्षरं तपासत जा.

ठोंब्या
म्याव +१

डेट्रॉइटचा_दाजी
आमच्याकडे कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वक्तृत्वाचा कोर्स केला होता त्यात हे भाषण होतं. प्राध्यापिकेने वर्गाचे दोन भाग केले, एकाला फक्त छापील मजकूर दिला, दुसऱ्याला व्हिडिओ. मजकूरवाल्यांना भाषण जबरदस्त वाटलं. व्हिडिओवाले म्हणाले माणूस प्रामाणिक आहे पण अवघडलेला आहे.

व्हिडिओ बघाच. कार्टर हसत नाहीत. नेहमीचं ते बत्तीस दात दाखवणारं हसू पूर्ण गायब. आणि मूठ आवळून हवेत हाणतात, पण ती मूठ वाक्यातल्या वजनदार शब्दाच्या किंचित पुढेमागे पडते, सांगितलंय म्हणून हाणल्यासारखी. कागदावर जे कळकळीचं वाटतं ते पडद्यावर थोडं पाठ केल्यासारखं दिसतं. त्यामुळे इथॉस मोजायचा तर शब्दांत मोजायचा की देहबोलीत, हे आधी ठरवा.

अवांतर: आमच्या गावाचं पोट गाड्यांवर. 'आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवा' हे वाक्य इथल्या जुन्या कामगारांना आजही आठवतं, आणि प्रेमाने नाही.

सुमती_काळे_नव्हे
मला कोणीच अजून पेथॉसवर बोललेलं दिसत नाही म्हणून. ती यादी आहे ना मधली, आपण कसे कसे खचत गेलो त्याची. आपल्याला वाटायचं निवडणूक मतपेटीने ठरते, गोळीने नाही, मग जॉन केनेडी, रॉबर्ट केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग गेले. वाटायचं आपलं सैन्य हरत नाही, मग व्हिएतनाम. वाटायचं राष्ट्राध्यक्षाचं पद मानाचं, मग वॉटरगेट. मग डॉलर आणि महागाई, मग तेल. एकाच चालीवरची वाक्यं एकामागून एक येतात, ऐकताना घशाशी येतं.

पण नीट बघितलं तर या यादीत चंगळ कुठेच नाहीये! खून, युद्ध, भ्रष्टाचार, महागाई. लोक खचले ते याने. म्हणजे जास्त वस्तू घेतल्या म्हणून पोकळी आली की पोकळी आली म्हणून वस्तू घेतल्या, हे कार्टर दोन्ही बाजूंनी सुचवतात आणि कारण-परिणाम सांगतच नाहीत. भावना एका गोष्टीवर तयार केली आणि खर्च दुसऱ्याच गोष्टीवर केली. निशिगंधा, तुझं भगदाड मला इथे दिसतं, तेलाच्या कोट्यात नाही.

निशिगंधा
सुमतीताई, वा. हे कट्ट्यावर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तरी कोट्याचं मी सोडणार नाही. १९७७ मध्ये जेवढं परदेशी तेल वापरलं त्याहून जास्त यापुढे कधीच नाही, 'कधीच नाही' हे ठासून दोनदा. हे ऐकायला कणखर आहे, पण मघाशी तर तुम्ही म्हणत होतात की वस्तूंनी समाधान मिळत नाही! मग कमी वस्तू घ्या असं म्हणा ना. ते नाही म्हणत. म्हणतात तेल आपलं वापरू.

अण्णा_गोगटे_गल्ली
त्याच्याही पुढे जा. भाषणाचा शेवटचा तिसरा भाग वाचा शांतपणे. कोळशापासून तेल काढू, खडकातलं तेल काढू, आणि पर्यावरण तर जपूच पण देशाला रिफायनरी किंवा पाइपलाइन हवी असेल तर ती बांधणारच. उपभोगावर प्रवचन देऊन रिफायनरीवर समारोप! ज्याला ही उपभोगवादावरची महान टीका वाटते त्याने हा भाग वाचलेला नसतो, कारण सगळीकडे तेच मधलं दीड पान फिरत असतं.

घाटावरचा
अण्णा, अर्धंच सांगताय. त्याच भागात सन २००० पर्यंत २० टक्के ऊर्जा सूर्यापासून हे उद्दिष्ट आहे, सार्वजनिक वाहतुकीला दहा वर्षांत दहा अब्ज डॉलर आहेत. आणि निशिगंधाताई, ते लोकांकडे काहीच मागत नाहीत असं नाही. विनाकारण फिरू नका, गाडी वाटून वापरा, एक दिवस जास्तीचा गाडी उभी ठेवा, वेगमर्यादा पाळा, थर्मोस्टॅट नीट लावा, आणि ही प्रत्येक बचत म्हणजे देशभक्ती. नेमकं आहे की. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळतं, बहुतेक उपदेशात तेच कळत नाही.

चष्मिष्ट
मुळात हा साचा कुठून आलाय ते बघा. कार्टर बाप्टिस्ट, संडे स्कूलला शिकवणारे. आधी पापाची कबुली, मग समाज कसा वाट चुकला त्याची यादी, मग वळा परत. आपल्याकडच्या कीर्तनासारखंच आहे हो, पूर्वरंगात तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात त्याचं आख्यान लावायचं. फक्त इथे पूर्वरंग आत्म्याचा झाला आणि उत्तररंगाला बुवांनी तेलाचा हिशेब काढला. श्रोते चुळबुळणारच.

आणखी एक. हे एकट्या कार्टरच्या डोक्यातून आलेलं नाही. सर्वेक्षणवाले पॅट कॅडेल यांनी मोठं टिपण दिलं होतं की लोकांचा भविष्यावरचा विश्वासच उडालाय. मे १९७९ च्या शेवटी व्हाइट हाउसमध्ये जेवणाला ख्रिस्तोफर लॅश, डॅनियल बेल असे विचारवंत होते. उपराष्ट्राध्यक्ष माँडेल मात्र या असल्या भाषणाच्या साफ विरोधात होते.

आप्पा_सांगलीकर
तुम्हा मंडळींचं वाचतोय दोन दिवस. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो, नवीन लग्न. गंमत बघा, त्याच १५ जुलैला आपल्याकडे मोरारजींनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. वॉशिंग्टनला रात्रीचे दहा म्हणजे इथे १६ ची सकाळ, तेव्हा कार्टर उपभोगावर बोलत होते त्या वेळी आम्ही चहाबरोबर दिल्लीची बातमी वाचत होतो. साधेपणावर बोलणारे दोन नेते, एकाची खुर्ची त्या दिवशी गेली, दुसऱ्याची दीड वर्षाने. आधीच्या वर्षी जानेवारीत हे दोघं दिल्लीत भेटलेलेही होते, आणि त्याच भेटीत मोरारजींना एक थंड आणि सडेतोड पत्र लिहायला हवं असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हळूच म्हणाले ते मायक्रोफोनवर पकडलं गेलं होतं.

आता मुद्द्याचं. मी हे भाषण नातवाने लावून दिलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला हसू आलं. आमच्याकडे रॉकेलची रांग होती. पाच लिटरचा डबा रांगेत ठेवायचा आणि डब्यावर खूण म्हणून दोरी बांधायची, कारण सगळे डबे सारखे. दुकानदार नरसाळं लावून माप ओतायचा, फेस बसायच्या आत माप उचलायचा, आणि आपण 'अहो थांबा की' म्हणायचं. त्या रांगेतल्या माणसाला सांगा की वस्तूंनी समाधान मिळत नाही! स्कूटर मिळायला वर्षं लागायची हो. तेव्हा उपभोगावरची टीका ही ज्याचं पोट भरलंय त्यालाच लागू, हे आधी कबूल करा आणि मग इथॉस-बिथॉस.

सुमती_काळे_नव्हे
आप्पा, नमस्कार. तुमचा मुद्दा भाषणात आहे, आणि ते मला फार इंटरेस्टिंग वाटलं. डोंगरावर आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, काहींनी ऊर्जा उधळली असेल पण काहींकडे उधळायला काही नव्हतंच. आणि एक चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, तरुण म्हणतो, आमच्यातले काही आयुष्यभर मंदीतच जगलेत. कार्टर हे वाचून दाखवतात. पण वाचून झाल्यावर लगेच 'आपल्यातले फार जण' असं सरसकट सुरू होतं. ज्याने उधळलं तो आणि ज्याच्याकडे नव्हतंच तो, दोघं एकाच 'आपण' मध्ये. इथे मला ते पटवणं थोडं लबाड वाटतं.

ठोंब्या
आप्पा, कोका-कोलापण तेव्हाच गेलं ना? म्हणजे आमच्याकडे चंगळवाद सरकारनेच बंद करून दाखवला होता.

आप्पा_सांगलीकर
हो, १९७७ ला. त्याच्या जागी सत्त्याहत्तर नावाचं सरकारी पेय आलं. चवीबद्दल मी काही बोलत नाही.

काजूकतली
आणि कोक कुठलं, तर अटलांटाचं. आणि कार्टर कुठले, तर जॉर्जियाचेच. कनेक्शन लागलं रे लागलं.

विक्रोळीकर
कनेक्शन काढताय तर खरं कनेक्शन घ्या. कार्टर यांच्या आई लिलियन, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून, नर्स म्हणून भारतात आल्या आणि आमच्या विक्रोळीला राहिल्या. १९६६ ते ६८. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम करायच्या. घरात अशी आई असलेल्या माणसाने 'वस्तूंनी पोकळी भरत नाही' म्हटलं तर ते मला तरी सल्लागारांनी लिहून दिलेलं वाटत नाही. इथॉस म्हणाल तर तो हाच. पण भाषणात त्यांनी आईचा उल्लेखही केला नाही. दुसरा कोणी असता तर विक्रोळीचे फोटो दाखवले असते.

डेट्रॉइटचा_दाजी
विक्रोळीकर, हे माहीत नव्हतं, भारी. आमच्या वर्गात याच्या उलट मुद्दा आला होता, की स्वतः साधं राहणारा माणूस साधेपणाचा उपदेश करतो तेव्हा ऐकणाऱ्याला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलेला माणूस मत देत नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये कार्डिगन घालून शेकोटीजवळ बसून त्यांनी थर्मोस्टॅट खाली आणायला सांगितलं होतं, १९७९ च्या जूनमध्ये व्हाइट हाउसच्या गच्चीवर पाणी तापवायला ३२ सौर पॅनल बसवले. ती पॅनल १९८६ ला रेगनच्या काळात छताच्या कामात उतरवली ती परत चढली नाहीत. रेगन गच्चीवर काय ठेवतात याची लोकांना पर्वाच नव्हती, कारण ते कोणाला काही कमी करायला सांगत नव्हते. १९८० ला ५० पैकी ४४ राज्यं घेतली त्यांनी.

अण्णा_गोगटे_गल्ली
झालं. म्हणजे भाषण फसलं. मग एवढं विश्लेषण कशाला.

घाटावरचा
फसलं नाही अण्णा!! हा सगळ्यात मोठा गैरसमज. भाषणानंतर कार्टरची लोकप्रियता ११ अंकांनी वर गेली, लोकांची पत्रं आली, फोन आले, बहुतेक बाजूने. दोन दिवसांनी, १७ जुलैला, त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि पाच मंत्री गेले. लोकांना वाटलं सरकार कोसळतंय. जे कमावलं ते तिथे गेलं. आणि ते 'मलेज' (म्हणजे मरगळ) भाषण म्हणून बदनाम झालं, तो शब्द भाषणात एकदाही नाही, विरोधकांनी आणि पेपरवाल्यांनी चिकटवला.

अण्णा_गोगटे_गल्ली
बरं. पण लोकांना आवडलं म्हणून तर्क बरोबर होतो का? भाषणातला आकड्यांचा भाग बघा की. पुढची पाच वर्षं मागच्या पाचापेक्षा वाईट जातील असं बहुसंख्य लोकांना वाटतं, दोन तृतीयांश लोक मतदानच करत नाहीत, कामगारांची उत्पादकता घटतेय, बचत पाश्चात्त्य जगात सगळ्यात खाली. चार आकडे शेजारी ठेवले की ते एकाच रोगाची लक्षणं वाटायला लागतात. उत्पादकतेचा आणि मतदानाचा काय संबंध, हे कोणी विचारत नाही. चंगळवादावर लिहिणारे जवळपास सगळे हेच करतात, आमच्या इथल्या दिवाळी अंकातलेसुद्धा. मॉल, मोबाइल, घटस्फोट, वृद्धाश्रम, एका दमात.

काजूकतली
अण्णांनी दिवाळी अंकांना हात घातला, आता दोनशे प्रतिसाद नक्की.

चष्मिष्ट
मला अण्णांचं हे पटलं, आणि त्यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. निशिगंधा, तू विचारलंस टीका चंगळवादावर की ऐकणाऱ्यांवर. मजकूर पुन्हा वाचला. वस्तू कोण विकतं ते अख्ख्या भाषणात नाही. जाहिराती नाहीत, हप्त्यांवर विक्री नाही, दरवर्षी नवं मॉडेल काढणारे गाडीवाले नाहीत, शहरं अशी का पसरली की गाडीशिवाय दूधही आणता येत नाही ते नाही. उपभोग आहे पण उपभोगाचा बाजार नाही. पैसेवाल्या हितसंबंधीयांचा उल्लेख येतो तो काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला, इकडेतिकडे ओढणारे म्हणून. उरतं कोण? ग्राहक आणि त्याचं मन.

आणि गंमत म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूचं वाक्य कार्टरच्या हातात होतं. मिसिसिपीतल्या एका छोट्या गावच्या कृष्णवर्णीय महिला महापौर त्यांना म्हणाल्या होत्या, की बडे लोकच तेवढे महत्त्वाचे नसतात, वॉल स्ट्रीटवर काहीही विकायचं तर आधी कुणीतरी कुठेतरी ते खणून काढावं लागतं. हे मला खास आवडलं असं म्हणून ते वाचतात, आणि पुढे जातात. त्या एका वाक्यात जेवढा लोगॉस आहे तेवढा पुढच्या वीस मिनिटांत नाही.

निशिगंधा
हे मी कट्ट्यावर तुझं नाव घेऊन वाचून दाखवणार आहे. फक्त एक शंका. विकणाऱ्याचं नाव घेतलं असतं तर तो इथॉस टिकला असता का? 'दोष माझाही आहे, तुमचाही आहे' यावर सगळी इमारत उभी आहे. त्यात 'दोष गाडी कंपन्यांचा' घुसवला की कबुलीजबाबाची हवा जाते, साधं निवडणुकीचं भाषण होतं.

सुमती_काळे_नव्हे
पण शत्रू तर त्यांनी घेतलाच की! आपली मान कुंपणावर ताणलेली आहे आणि ओपेकच्या, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या, हातात सुरी आहे, हेही वाचून दाखवतातच. परदेशी शत्रू चालतो, घरचा नाही. त्याने कबुलीजबाबाची हवा गेली नाही, मग घरच्या शत्रूनेच कशी जाईल?

डेट्रॉइटचा_दाजी
घरचा शत्रू मत देतो, ओपेक देत नाही.

आप्पा_सांगलीकर
दाजी, एका ओळीत बोललात. बाकी त्या सुरीच्या वाक्यावर माझा नातू म्हणाला हे पेथॉस, मी म्हणालो ही तर सरळ भीती घालणं झालं. तुमच्या शास्त्रात भीती कुठे बसते?

चष्मिष्ट
पेथॉसमध्येच, आप्पा. अॅरिस्टॉटलने भीतीला स्वतंत्र जागा दिलीय, आणि तिथेच म्हटलंय की भीती वाटलेला माणूस विचार करायला लागतो, कारण सुटकेची थोडी तरी आशा असल्याशिवाय कोणी विचारच करत नाही. कार्टरच्या श्रोत्यांना सुरी दिसली, सुटका म्हणून दहा वर्षांनी आयात निम्मी होणार ते ऐकू आलं, आणि सोमवारी सकाळी परत पंपावर रांग होती.

घाटावरचा
रांगा ऑगस्टच्या आसपास ओसरल्या बरं का. तोपर्यंत मंत्रिमंडळ बदललेलं होतं.